टेपमध्ये आधी तूच लागायचीस

आये,

गेल्या महिन्यात दादाने ती आठ सीटांची गाडी भंगारात दिली. बरीच वर्षं ती मुर्ध्याच्या घरामागे शेवग्याखाली नुसती उभी होती. टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीने पिलं घातलेली. न्यायला आलेल्या माणसाने सगळ्यात आधी डॅशबोर्डमधला टेप उचकटून हातात घेतला आणि विचारलं, "ये भी जायेगा क्या, सेठ?" दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे. मग रिक्षाने शांती नगरला घरी परत येताना सारखं वाटत राहिलं की तुझ्याशी एक बोलायचं राहून गेलंय. तुला सहीपुरतं लिहिता यायचं, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. जे काय असेल ते समोर बसून, नाहीतर भांडून. आता दोन्ही जमण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतलाय.

तो टेप आला तेव्हा मिठागरांचं काम संपल्यात जमा होतं. बाबांनी मिठागराच्या जागेतला आपला वाटा विकून दादाला गाडी घेऊन दिली, आणि दादा लग्नांच्या वऱ्हाडाला गाडी द्यायला लागला. गाडीत आधी कॅसेटचा टेप होता. तो काढून दादाने सीडीचा बसवला. आपल्याकडे मात्र त्याला शेवटपर्यंत टेपच म्हणायचे आणि तू सीडीला शीडी म्हणायचीस. एका चकतीत शंभराच्या वर गाणी मावतात हे ऐकून तू म्हणाली होतीस, "मंग पायजे तां गानां गावतां कसां?" तो खरा प्रश्न होता. त्या टेपच्या पट्टीवर हिरवी इंग्रजी अक्षरं सरकायची, तीही अर्धवट. मराठी नाव दिलं की नुसते चौकोन दिसायचे. दादा एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने बटण दाबत बसायचा, एक गाणं पुढे, एक मागे, आणि तू मागून ओरडायचीस, "समोर बघ रं, गानां पलून जानार न्हाय!"

मी तेव्हा शांती नगरमधल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. मला हे सगळं येतं याचा मला फार अभिमान होता. फाईलच्या नावाआधी अक्षरं घातली की टेप त्या क्रमाने लावतो हे मी शोधून काढलं आणि दादाच्या सगळ्या शीड्या लावून दिल्या. हळदीची एका फोल्डरात, वरातीची दुसऱ्या, आरत्या तिसऱ्या. दादाचे मित्र त्यांच्या शीड्या घेऊन घरी यायचे. तू त्यांना चहा करून द्यायचीस आणि शेजारणीला सांगायचीस की माझी पोरगी गाण्यांना ओळीत उभी करते.

क्लासमधल्या एका मैत्रिणीकडे काडेपेटीएवढा प्लेयर होता, त्यात आवाजही भरता यायचा. तो मी एका रविवारी घरी आणला. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून तांदूळ निवडतेयस, कुकर गॅसवर चढलाय, आणि मी तुझ्यासमोर तो प्लेयर धरून म्हणतेय, "आये, धवले म्हण." तू हसतेस. तू पंचक्रोशीची धवलारीण. राई, मुर्धे, मोर्वे, कुठेही आपल्यातलं लग्न असलं की मांडवाच्या दिवसापासून तुला बोलावणं. क्लासमधल्या मैत्रिणींना मी सांगायचे, भटजी मंत्र म्हणतात ना, तशी आमच्यात ही बाई गाणी म्हणते, आणि तिच्या गाण्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही. सांगताना मला बरं वाटायचं. पण तू म्हणायला बसलीस की त्या संथ, एकसुरी ओळी मला लांबच लांब वाटायच्या आणि मी उठून जायचे, हेही तितकंच खरं.

"कोनाचां लगीन हाय?" तू विचारलंस.

"कोणाचं नाही गं. नुसतं म्हण."

"नुसतां कसां म्हनू? नवरीचां नाव पायजे. नावाबिगर धवला म्हंजे दाराबिगरचां घर."

"मग घाल कोणाचंही."

तू तांदळात एकदा बोटं फिरवलीस आणि सुरू केलंस. देवांना बोलावणं झालं, मांडव झाला, आणि नवरीचं नाव आलं तेव्हा तू माझं नाव घातलंस. मी हसले, पण प्लेयर हलू दिला नाही. मग बाबांचं नाव आलं. मग नवरीच्या आईचं नाव घ्यायची जागा आली, तिथे तू थांबलीस. मला वाटलं विसरलीस. तू माझ्याकडे बघितलंस, ओठांतल्या ओठांत हसलीस आणि स्वतःचंच नाव घालून पुढे गेलीस. हळदीच्या धवल्यात मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, परत म्हण. तू म्हणालीस, हळद दोनदा लावतात काय?

क्लासच्या कॉम्प्युटरवर मी त्याचे तुकडे केले, मांडवाचा वेगळा, हळदीचा वेगळा, पाठवणीचा वेगळा, आणि दाबून लहान केले. हे तुला सांगितलं तेव्हा तू विचारलंस, दाबतात म्हणजे काय. मी म्हटलं, जे कानाला ऐकू येत नाही ते काढून टाकतात, म्हणजे जागा कमी लागते. तू म्हणालीस, "कोनाच्या कानाला?" मी त्यावर हसले होते. हा विनोद मी क्लासमध्येही सांगितला.

तुझे धवले आधी लागावेत म्हणून मी फाईलींच्या नावाआधी दोनदा ए लावला. ते मी प्रेमानेच केलं, आये. गाडी चालू केली, शीडी आत गेली की पहिला आवाज तुझा. पहिल्या दिवशी दादाने तुला पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या आणि बटण दाबलं. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास, जणू कोणी मोठं माणूस आत आलंय. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणालीस, "माजा गला असा हाय?" आणि मग, "कुकर लय मोठ्यानां वराडला गो."

दादाने ती शीडी मित्रांना दिली. मित्रांनी मित्रांना. मीच कॉपी करून देत होते, क्लास सुटल्यावर, हौसेने. एका लग्नाच्या मोसमात ती सगळ्या गावांत पोचली. संध्याकाळी गल्लीतून जाणाऱ्या कुठल्याही गाडीतून तू ऐकू यायचीस, बाजारात भाजी घेताना ऐकू यायचीस. गाणी शोधायची कटकट नको म्हणून लोक पहिलंच लागलेलं वाजू द्यायचे, आणि पहिली तू होतीस. तुलाही तेव्हा मजा वाटत होती. भाजीवालीला तू म्हणालीस, "ती मीच हाय," आणि ती म्हणाली, "अच्छा? मेरे को लगा कोई बुढ्ढी है," आणि तू घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलंस.

मग ते लग्न आलं, बाबांच्या चुलतभावाच्या मुलीचं. आपल्याला घरचं आमंत्रण होतं, पण धवल्यांसाठी तुला वेगळं बोलावणं आलं नव्हतं. तू गृहीत धरलं होतंस. नारळ, तांदूळ, सगळं पिशवीत भरून तू हळदीच्या सकाळी निघालीस, हिरवं लुगडं नेसून. मांडवाशी पोचलो तर दादाची गाडी मांडवाला लावलेली, तिच्यातून वायर काढून मोठ्या स्पीकरला जोडलेली. नवरीची आई तुझे दोन्ही हात धरून म्हणाली, "वहिनी, यंदा तुम्ही आरामात बसा. उगा घसा कशाला ताणायचा. तुमचाच आवाज हाय की." तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं, हेच मला आजही सोसत नाही. तिने तुझ्यासाठी खुर्चीही आणवली, गादीची. तू आयुष्यात कधी हळदीला खुर्चीवर बसली नव्हतीस. पाटाशेजारी खाली बसायचीस, नवरीच्या गुडघ्याला तुझा गुडघा लागेल अशी.

आणि मला बोलावणं आलं. "ये गं, तुलाच ठाऊक कुठलं कुठं हाय." मी गेले. गाडीत स्टिअरिंगच्या जागेवर बसून मी बटणं दाबायला लागले. मला महत्त्व मिळालं होतं, ते मला आवडलं. पण तुकडे केले तेव्हा मी त्यांना नुसते आकडे दिले होते, आणि सगळ्या धवल्यांची सुरुवात मला सारखीच वाटायची. तिकडे हळद कालवून झाली, बायका वाट बघतायत, आणि मी लावलं ते पाठवणीचं. अख्ख्या मांडवात पाठवणीचा धवला घुमला. एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. मी घाबरून बटण दाबलं, तर मांडव. परत दाबलं, तर दादाची कुठली तरी वरातीची धांगडधिंग. लोक हसायला लागले.

तेव्हा पलीकडचं दार उघडलं आणि तू आत येऊन माझ्या शेजारी बसलीस. दार लावून घेतलंस. "हलू दाब," म्हणालीस. मी दाबलं. "हां, ही न्हाय. फुडची." मी दाबलं. "ही बी न्हाय." मग तुझ्या गळ्यातून पहिला सूर निघाल्याबरोबर तू म्हणालीस, "हीच. वाजू दे." बाहेर स्पीकरमधून तू सुरू झालीस, आणि काचेतून आपण दोघी बघत राहिलो. नवरीच्या अंगाला हळद लागतेय, बायका हात जोडून गप्प उभ्या. तुझ्यामागून ओळ ओढायला, म्हणजे तीच ओळ परत म्हणायला, कोणी नाही, कारण स्पीकरमागून कोण ओढणार. मग धवल्यात नाव आलं. माझं नाव. त्या मुलीच्या हळदीत माझं नाव. आणि त्याच क्षणी तू, माझ्या शेजारी, बंद गाडीत, हळू आवाजात त्या मुलीचं नाव म्हणालीस, त्याच सुरात, नेमकं माझ्या नावावर ठेवून. तिच्या बापाचं नाव आलं तेव्हा तिच्या बापाचं. तिच्या आईचं आलं तेव्हा तिच्या आईचं. मधल्या ओळी तू म्हटल्या नाहीस. नुसती नावं. बाहेर ती कोणालाच ऐकू येत नव्हती. मला येत होती. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मांडवात हशा पिकला, तू हसली नाहीस. तू नवरीकडे बघत होतीस.

तो सगळा दिवस तू गाडीत बसून होतीस. प्रत्येक विधीला मला सांगत होतीस, फुडची, मागची, हां. दुपारी कोणीतरी जेवणाचं ताट गाडीतच आणून दिलं. घरी येताना मी म्हटलं, "आये, चुकलंच माझं." तू म्हणालीस, "तुजां काय चुकलां? शीडी हाय ती. तिला काय ठाव कोनाचां लगीन हाय तां."

त्यानंतर बोलावणी थांबलीच म्हणायची. आमंत्रणं यायची, पण खुर्चीची. आणि तू तक्रार केली नाहीस. कोणी शीडी मागायला आलं तर "माल्यावर बघ गो, हाय काय एकादी" असंही मला म्हणायचीस. तुझं हे न बोलणं मला खायला लागलं. मला वाटलं, ही मनातल्या मनात जळतेय आणि कारण मी आहे. मग मी वेड लागल्यासारखी शीड्या परत गोळा करायला निघाले. क्लास सुटला की एकेका घरी जायचे. लोक मला येडी समजले. शीडी दिली तरी म्हणायचे, ताई, पेनड्राइव्हमध्ये आहेच की, मोबाईलमध्ये पण आहे, ब्लूटूथने घेतलंय. एकाने तर माझ्यासमोर शीडी परत दिली आणि तुझा धवला रिंगटोन म्हणून वाजवून दाखवला. वाऱ्यावर गेलेलं पीठ परत डब्यात भरायला निघाले होते मी.

शेवटची शीडी घ्यायला मी हाटकेशला गेले होते ते तुला सांगितलंच होतं. दादाच्या मित्राने ती तिथल्या एका कारखान्याचा टेम्पो चालवणाऱ्या माणसाला दिली होती. रत्नागिरीकडचा होता, पन्नाशीचा, आपल्यातला नव्हे. तो गेटबाहेर टेम्पो धूत होता. मी कारण सांगितलं तर त्याने हात पुसले आणि म्हणाला, "ह्या बाईंची? ही नका नेऊ, मॅडम. बाकीची सगळी गाणी काढून न्या वाटलं तर."

"तुम्हाला कळतं का त्यात काय आहे ते?"

"शब्द अर्धे कळतात. कोणाचं तरी लग्न आहे एवढं कळतं. सकाळी चावी फिरवली की ह्याच पहिल्या बोलतात. मी एकटा राहतो इथे खोलीवर. पुढचं बटण मी कधी दाबत नाही. संपलं की मग गाडी काढतो."

मी शीडी घेतली नाही. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू पोटभर हसलीस. "रोज? त्याचां काय रोज लगीन हाय?" मग जरा वेळाने भाकरी थापता थापता विचारलंस, "एकलाच ऱ्हातो? बायको गावाला हाय काय?" मी म्हटलं, मी विचारलं नाही. तू म्हणालीस, "इचारायला पायजे होतां."

माझं लग्न ठरलं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी. ह्याच्याबद्दलच मला लिहायचंय, बाकी सगळं तुला ठाऊकच होतं. मी ठरवलं होतं की माझ्या लग्नात तो टेप वाजणार नाही. तुझा अपमान ज्याने झाला ते यंत्र माझ्या हळदीत तरी नको. नवरीची आई धवले म्हणत नाही, तिला विधींना बसायचं असतं, म्हणून मी स्वतः डोंगरीच्या बाजूला जाऊन एक म्हातारी धवलारीण ठरवून आले. गाडी पाठवून तिला आणली, पाटाशेजारी मान देऊन बसवली. मला वाटलं, हे मी तुझ्यासाठी करतेय. तुझ्या विद्येचा मान राखतेय. हळदीच्या सकाळी माझे केस विंचरताना तू हळूच विचारलंस, "ती शीडी आनलीस काय गो?" आणि मी केवढ्या तोऱ्यात सांगितलं, "नाही आये. दादालाही बजावलंय. आज ती अजिबात वाजणार नाही." तुझा कंगवा एकदा थांबला. "बरां," म्हणालीस, आणि पुढची बट हातात घेतलीस. मला वाटलं, तुला बरं वाटलं. डोंगरीच्या म्हातारीने धवले म्हटले, तुझ्याइतके नाही, पण जिवंत. तुझं नाव घ्यायची जागा आली तेव्हा ती अडली आणि तिने तुझं नाव चुकवलं, तुझ्या जावेचं घेतलं. तू खाली बघत होतीस.

मग तू फार वर्षं राहिली नाहीस. काविळीचं निमित्त झालं. तुझ्या बाराव्याला मोर्व्याची मावशी आली होती, तुझी पाठची बहीण. सगळे जेवून गेल्यावर आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो होतो. मी तिला म्हटलं, "मावशी, मी आयेचं फार नुकसान केलं. मी तिचा आवाज भरला नसता तर ती शेवटपर्यंत पाटाशेजारी बसली असती." मावशी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तुना ती शीडीची गोष्ट ठाव न्हाय?" आणि मग तिने सांगितलं. तू तिला त्या रविवारीच सांगितलं होतंस म्हणे. आईने आपल्या पोरीचे धवले म्हणायचे नसतात. तू सगळ्या गावाच्या पोरींना हळद लावलीस, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी तुला तोंड बंद करून बसायचं होतं. मी प्लेयर पुढे केला तेव्हा तुला ते सुचलं. लग्नाच्या दिवशी म्हणायचं नाही ना, मग आज म्हणते. म्हणून माझं नाव, म्हणून बाबांचं, म्हणून तुझं. मावशीने तुला नंतर विचारलं होतं, अगं, तुझी शीडी सगळ्यांच्या लग्नात वाजतेय, तुला कोणी बोलावत नाही, तू गप्प कशी? तर तू म्हणाली होतीस, "वाजू दे सगल्यांच्या लग्नान. वाजत ऱ्हायली तर टिकंल. माज्या पोरीच्या लग्नान कामाला येल."

आये, मी तुझं बोलावणं थांबवलं याचं ओझं मी इतकी वर्षं वाहिलं, आणि ते ओझं उतरवायच्या नादात मी जे केलं ते खरं नुकसान. ज्या एका लग्नात त्या शीडीतली सगळी नावं बरोबर होती, त्याच एका लग्नात मी ती वाजू दिली नाही. तू एकदा विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. आणि मी तुझं "बरां" ऐकून समाधानाने आरशात बघत बसले. मी कोणाकोणाच्या दारात गेले, हाटकेशपर्यंत गेले, पण घरातल्या घरात तुला विचारलं नाही की आये, तुला काय पाहिजे. तू त्या टेम्पोवाल्याबद्दल म्हणाली होतीस ना, विचारायला पाहिजे होतं.

मावशीने सांगितलं त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुठल्याच लग्नात हळदीला गेले नाही. काहीतरी कारण काढायचे आणि जेवणाला जायचे. गेल्या वैशाखात दादाच्या मुलीचं लग्न झालं. तू गेलीस तेव्हा ती नुकती बालवाडीत जायला लागली होती. तिला तू नीट आठवत नाहीस. ती एका बँकेत काम करते, तिच्या मैत्रिणी सगळ्या जातीधर्मांच्या, हळदीला पिवळे कपडे घालून नाचायचं त्यांचं आधीच ठरलेलं. पण ती माझ्याकडे घरी येऊन म्हणाली, "आत्या, धवले तू म्हणशील ना?" मी म्हटलं, मला येत नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे? तू आजीची मुलगी ना?" मी म्हटलं, आजीची मुलगी कॉम्प्युटर शिकली. ती म्हणाली, "मग आता शिक ना. वेळ आहे अजून. मावशीआजी शिकवेल."

मी मोर्व्याला जायला लागले. मावशीला आता नीट दिसत नाही, पण चुकलं की मांडीवर चापट बसते. एका ओळीवर आम्ही दुपारभर बसायचो. मला ते आवडायला लागलं असं म्हणणार नाही. लांबच लांब आहेत ते, आये, अजूनही. दोनच शिकले, मांडवाचा आणि हळदीचा.

हळदीच्या दिवशी मी पाटाशेजारी खाली बसले. गुडघे दुखत होते. समोर सगळ्या म्हाताऱ्या बायका, ज्यांनी तुला ऐकलेलं. माझा आवाज घोगरा, सूर वर जातच नव्हता. पोरीचं नाव घेतलं, दादाचं घेतलं, वहिनीचं घेतलं, आणि पुढची ओळ डोक्यातून गेली. अगदी कोरं. मी थांबले. आणि मागे बसलेल्या बायकांनी ती ओळ उचलली, सगळ्यांनी मिळून, आणि मला आठवेपर्यंत तीच ओळ घोळवत ठेवली. कोणी हसलं नाही. पोरीच्या बँकेतल्या मैत्रिणी मोबाईल खाली ठेवून बसल्या होत्या. पोरीने हळद भरल्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं होतं. मग मला ओळ सापडली आणि मी पुढे गेले. शेवटपर्यंत नेलं.

सगळं झाल्यावर वहिनी डोळे पुसत म्हणाली, "आज आये हे बघायला पाहिजे होती." सगळ्या हो म्हणाल्या. मीही मान हलवली.

पण ते खोटं होतं, आये. ओळ विसरले त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की बरं झालं, तू इथे नाहीस. तू असतीस तर माझं तोंडच उघडलं नसतं.